बटेराच्या पिल्लांना पावडरी देताय? या चुका टाळा

"पिल्लं पातळ हगतायत, कुठली पावडर देऊ?" असा फोन आला की मी आधी विचारतो, सध्या टाकीत काय काय टाकलंय? तिथंच घोडं पेंड खातं.

मागच्या पावसाळ्यात एका तरुणाच्या शेडवर गेलो होतो. बाराशे बटेरं, अठरा दिवसांची. सकाळी टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर), त्याच पाण्यात प्रोबायोटिक, दुपारी अँटिबायोटिक, संध्याकाळी लिव्हर टॉनिक. आठ दिवस हेच चाललेलं. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. क्लोरीन जिवाणू मारतं, बरीच अँटिबायोटिकंही मारतात. तीन पाकिटं संपली, पण आतड्यापर्यंत पोचलं फारच थोडं. डॉक्टरांनी मेलेली पिल्लं फाडून पाहिली, विष्ठा तपासली, तर निघाला कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवीचा रोग. त्यावर त्याचं अँटिबायोटिक कामाचंच नव्हतं. मूळ होतं पाण्याच्या भांड्यांखाली भिजलेल्या तुसात. आम्ही ओलं तूस काढलं, डॉक्टरांनी दिलेलं औषध साध्या पाण्यातून पाजलं आणि तो कोर्स संपल्यावर प्रोबायोटिक खाद्यातून सुरू केलं. मरतूक थांबली. पण मागे पडलेली शंभरेक पिल्लं शेवटपर्यंत वजनाला आली नाहीत. बटेर पाच-सहा आठवड्यांत विकायला जातं. त्यातला एक आठवडा हातचा गेला की भरून काढायला दिवस उरत नाहीत.

म्हणून मी प्रोबायोटिक खाद्यातूनच देतो. पाण्यातून द्यायचंच झालं तर बिनक्लोरीनचं स्वच्छ पाणी घेतो, तेही दोन तासांत संपेल एवढंच. खाद्याच्या गोळ्या करून घेत असाल तर बॅसिलस जिवाणूच्या बीजाणूंचं प्रोबायोटिक घ्या. साधे लॅक्टोबॅसिलस जिवाणू गोळी बनवतानाच्या उष्णतेत टिकत नाहीत.

दुसरी चूक मिसळण्याची, आणि हिचा मला खरंच राग येतो. टनाला अर्धा किलोचा डोस म्हणजे 50 किलोच्या पोत्याला फक्त 25 ग्रॅम. ते वरून भुरभुरून फावड्याने दोनदा हलवलं की झालं, असं कसं होईल? बारीक पावडर भांड्याच्या तळाशी बसते आणि बटेर चोचीने दाणे निवडून खातं. कुणाला काहीच मिळत नाही, कुणाला चौपट मिळतं. मी आधी एक किलो भरड्यात हाताने मिसळतो, मग ते पाच किलोत आणि शेवटी पोत्यात. वीस मिनिटं लागतात, ती लागू द्या.

टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं बुरशीचं विष धरून ठेवणारी पावडर) आहे म्हणून बुरशीचा मका चालवू नका. मातीचे बाइंडर अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष बऱ्यापैकी धरतात, बाकीची बरीच विषं धरत नाहीत.

ॲसिडिफायर (पाण्यात टाकायचं आम्ल) जास्त टाकला तर पाणी आंबट होतं आणि पिल्लं पाणी कमी पितात.

खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन ही कॉक्सिडिओसिसवरची औषधं असतील तर टियामुलिन हे अँटिबायोटिक कधीही देऊ नका. पक्षी लुळे पडून मरतात. पोतं घेतानाच आत काय आहे ते विचारून लिहून ठेवा.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जनावरं-कोंबड्यांसाठी 2019 पासून आपल्याकडे बंदी आहे. जुना डबा पडून असेल तर तो वापरू नका.

तीन दिवसांत ब्रँड बदलणाऱ्यांना कुठल्या पाकिटाने काय केलं हे कधीच कळत नाही. मी दर बॅचला एक कप्पा बिनपावडरीचा ठेवतो आणि पाचव्या आठवड्यात दोन्हीकडची वीस-वीस पिल्लं तोलतो. वजनात फरक नसेल तर ते पाकीट पुढच्या बॅचला घेत नाही.