कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीने: मुलाबाळांसकट

1 जूनपासून नोव्हेंबरअखेर तिकडे चक्रीवादळांचा मोसम, तेव्हा शाळा सुटल्या की मे संपायच्या आतच उरका. आम्ही सेंट व्हिन्सेंटहून दक्षिणेला निघालो. वारा पूर्वेचा, म्हणजे आडवा आणि सोयीचा. बेक्विया हे पुढचं बेट जेमतेम 9 सागरी मैल, पण मधल्या उघड्या समुद्रात बोट चांगलीच हेलकावते. खडकवासल्याचा सराव तिथे गाठी मारण्यापुरताच कामाला आला! निघण्याआधी मुलांना आलेपाकाची वडी द्या, पोटभर पोहे नकोत. (आमच्या हिने दिले, डेक मी धुतला.)

एक मात्र घोकून ठेवा: बंदरात शिरताना तिकडे लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) उजव्या हाताला. आपल्याकडे नेमकं उलटं. टोबॅगो केज या चिमुकल्या बेटांपाशी नांगर वाळूतच टाका, प्रवाळावर नाही. कासवं तिथे बोटीखालूनच जातात.