एफएनपी सर्टिफिकेशनची तयारी करताय? या चुका टाळा

एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) पहिल्या फटक्यात पार केलेल्या, आयसीयूत वर्षं काढलेल्या आपल्या मराठी नर्सेस अमेरिकेत मास्टर्स करून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या (एफएनपी) परीक्षेची तयारी करायला बसतात आणि सराव प्रश्नांतच अडखळतात. वाचन कमी पडतंय असं क्वचितच असतं. नाइट ड्युटी, घर, मुलं सांभाळून त्या भरपूर वाचतात. पण वाचतात वॉर्डातल्या नर्सच्या नजरेने, आणि प्रश्न असतो क्लिनिकमध्ये स्वतः निदान करून औषध लिहिणाऱ्या प्रॅक्टिशनरसाठी. खालच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

‘डॉक्टरांना कळवा’ची सवय

एक केस बघा. जून महिना, नॉर्थ कॅरोलिना, सात वर्षांचा मुलगा. तीन दिवस ताप, डोकं दुखतंय. मनगटांवर आणि घोट्यांवर बारीक लालसर पुरळ उठलं, आता ते तळहातांवरही दिसतंय. आठवडाभरापूर्वी घरचे सगळे रानात तंबू ठोकून राहिले होते. मुलाची तब्येत स्थिर आहे. आता काय कराल?

महाराष्ट्रात शिकलेल्या नर्सच्या डोक्यात आधी डेंग्यू येतो, मग गोवर. इथे मात्र गोचिडीतून होणारा रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर ओळखायचा आहे. तो ओळखला तरी पुढे दोन खड्डे आहेत. पहिला, ‘रक्त तपासायला पाठवा आणि रिपोर्टची वाट बघा’ हा पर्याय. तो सुरक्षित वाटतो, पण पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी बहुतेकदा सापडतच नाहीत, आणि पाचव्या दिवसानंतर उपचार सुरू झाले तर मृत्यूचा धोका वाढतो. दुसरा, ‘आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन नको, दात पिवळे पडतात’ हे पाठ झालेलं वाक्य. या आजारात कुठल्याही वयात डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिकच पहिलं औषध, आणि तेही लगेच. रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

पुढे पाठवायचंच नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. पोराच्या अंडकोषात अचानक जोरात दुखायला लागलं, क्रेमास्टेरिक रिफ्लेक्स (मांडीला आतून स्पर्श केल्यावर अंडकोष वर ओढला जाणं) येत नाही, तर टॉर्शन म्हणजे अंडकोषाला पीळ पडलाय असं समजून थेट इमर्जन्सीत पाठवणं हेच बरोबर उत्तर. कुठे स्वतः सुरुवात करायची आणि कुठे तातडीने पाठवायचं, हा निर्णय तुमचा असतो. प्रत्येक सराव प्रश्नानंतर ‘हे प्रिस्क्रिप्शन माझ्या सहीने जाणार आहे’ असं समजून उत्तर पुन्हा तपासा.

आयसीयूचा चष्मा

आयसीयूच्या अनुभवाचा फायदा होतोच, पण तो दुर्मिळ आणि जीवघेण्या गोष्टींकडे ओढतो. परीक्षेत कानदुखी, पुरळ, सांधेदुखी, लसीकरण, गर्भनिरोधक गोळ्या, ब्लड प्रेशरचं फॉलोअप असं रोजचं क्लिनिक असतं. त्वचा आणि डोळे हे विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

भारतातली एक पक्की समजूतही बाजूला ठेवावी लागते. ‘बीसीजी घेतलीय, मग टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येणारच, सोडून द्या.’ भारतातून दोन वर्षांपूर्वी आलेल्या माणसाला 10 मिमी फुगवटा आला तर ती टेस्ट पॉझिटिव्ह धरायची आणि छातीचा एक्स-रे काढायचा. बीसीजी घेतलेल्यांसाठी टीबीसाठीची रक्ताची इग्रा टेस्ट जास्त योग्य, हेही विचारलं जातं.

दोन बोर्डांना एकच समजणं

एफएनपीचं सर्टिफिकेशन अमेरिकेतली दोन बोर्डं देतात, एएएनपीसीबी आणि एएनसीसी. एएएनपीसीबीची परीक्षा 150 प्रश्नांची, वेळ 3 तास, गुण 135 प्रश्नांचे. एएनसीसीची 175 प्रश्नांची, साडेतीन तासांची, गुण 150 प्रश्नांचे. पहिलीत पास व्हायला 800 च्या मोजपट्टीवर 500 लागतात, दुसरीत 500 पैकी 350. पहिलीचा जवळजवळ सगळा भर क्लिनिकलवर. दुसरीत संशोधन, नीतिमत्ता, आरोग्य धोरण असले प्रश्नही येतात, आणि अनेक उत्तरं निवडायचे किंवा ओढून जागेवर ठेवायचे प्रश्नही असतात. मैत्रिणीने दिली म्हणून तीच द्यायची, हे कारण पुरेसं नाही. गुण नसलेले प्रश्न कुठले ते कळत नाही, म्हणून एखादा विचित्र प्रश्न आला तर त्यावर दहा मिनिटं घालवू नका. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सीनियरची जुनी पुस्तकं

प्रेमाने दिलेली असली तरी छापल्याचं वर्ष बघा. स्तनांच्या कॅन्सरसाठीचा मॅमोग्राम दर दोन वर्षांनी, पण 2024 पासून सुरुवात 40 व्या वर्षी. जुन्या पुस्तकात 50 सापडेल. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी 2021 पासून 45 व्या वर्षापासून.

स्कोअर साठीतच अडकलाय?

अशा वेळी बहुतेकजणी आणखी पाचशे प्रश्न सोडवतात. किंवा तीच प्रश्नपेढी पुन्हा करतात, उत्तरं लक्षात राहिल्यामुळे स्कोअर चढतो आणि खोटा धीर येतो. त्याऐवजी चुकलेले प्रश्न वहीत चार रकान्यांत टाका: माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, दोन पर्यायांत अडकले, बरोबर उत्तर बदललं. पहिला रकाना भरला तरच पुस्तकाकडे जा.

तिसरा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो. लघवीला जळजळ असलेल्या तरुणीला नायट्रोफ्युरँटोइन हे अँटिबायोटिक बरोबर. तिलाच ताप आणि कमरेत एका बाजूला दुखणं असेल तर चूक, कारण ते औषध किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. सगळा फरक त्या अर्ध्या ओळीत असतो. वय, गरोदरपण, ॲलर्जी आणि किती दिवसांपासून, या चार गोष्टी वाचल्याशिवाय पर्यायांकडे बघायचंच नाही, अशी शिस्त लावा.

नावाचा घोळ

आपल्यात हे नेहमीचं. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, लायसन्सवर सासरचं, पदवीवर मधलं नाव वडिलांचं. अर्जावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षा केंद्रावरून परत पाठवू शकतात. अर्ज भरण्याआधीच हे निस्तरा.

नापास झालात तर

एएएनपीसीबीकडे पुन्हा अर्ज करण्याआधी कच्च्या विषयांत किमान 15 तासांचं निरंतर शिक्षण (कंटिन्युइंग एज्युकेशन) पूर्ण करावं लागतं, आणि एका कॅलेंडर वर्षात दोनच संधी मिळतात. एएनसीसीत 60 दिवस थांबावं लागतं, 12 महिन्यांत जास्तीत जास्त तीन वेळा बसता येतं. निकालासोबत कुठला भाग कमी पडला ते कळतं. ते 15 तास कुठल्या तरी झटपट कोर्सवर घालवू नका, त्या कमी पडलेल्या भागावरच लावा.