विंडोज 10 सोडून लिनक्सवर येताय? आधी या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज 11 ज्यांच्यावर चढत नाही, असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप तेव्हापासून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळताहेत. चांगलंच आहे. पण त्यासोबत ‘पंधरा मिनिटांत लिनक्स’ छापाचे व्हिडिओही आले आणि त्यांच्या मागोमाग त्याच त्या चुका. बहुतेक नुकसान इन्स्टॉलर उघडायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. एवढी घाई करायचं कारणही नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. एखादा रविवार मोकळा काढा आणि शांतपणे करा.

खालचं सगळं लिनक्स मिंट 22 ही लिनक्सची आवृत्ती धरून लिहिलंय. ते उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीवर बेतलेलं आहे आणि त्याला 2029 पर्यंत अपडेट मिळतील.

बिटलॉकर न बघता बायोसला हात लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं साधन आणि बायोस म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारी मूळ सेटिंग्ज. ‘मी कधी बिटलॉकर चालू केलंच नाही’ हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवून टाकलंय. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. होम आवृत्तीत त्याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात, म्हणून बिटलॉकर शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

मग माणूस बायोसमध्ये जातो, सेक्युअर बूट (सही नसलेला बूट प्रोग्रॅम अडवणारी सोय) बंद करतो, पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघतो. परत विंडोज सुरू केलं की समोर निळा पडदा: 48 आकडी रिकव्हरी की टाका. की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं लॅपटॉप घेताना दुकानदाराने त्याच्याच ईमेलने उघडलेलं असलं तर डेटा गेला म्हणून समजा.

ऑगस्ट 2024 मध्ये तर लोकांना बायोसला हात लावायचीही गरज पडली नाही. 13 ऑगस्टच्या विंडोज अपडेटमध्ये जुने, असुरक्षित बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम) अडवणारा एसबॅट नावाचा नियम आला. ड्युअल बूट (विंडोज आणि लिनक्स दोन्ही) असलेल्या मशीनवर तो लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. पण कित्येक मशीनवरचं ड्युअल बूट त्यांच्या तपासणीत ओळखलंच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी लिनक्स निवडलं की ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ एवढं दाखवून मशीन बंद. यावर उपाय होता: सेक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून मोकयुटिल या कमांडने एसबॅटचा नियम पुसायचा, शिमसकट (लिनक्सचा पहिला बूटलोडर) सगळे अपडेट घ्यायचे आणि सेक्युअर बूट परत चालू करायचं. घाईतल्या लोकांनी पहिली पायरी केली, लिनक्स चालू झालं आणि ते तिथेच थांबले. पुढे विंडोज उघडायला गेले, तर बिटलॉकर की मागत उभं. एक दुरुस्त करताना दुसरं बिघडलं. मायक्रोसॉफ्टने हा प्रश्न कायमचा सोडवला तो मे 2025 च्या अपडेटमध्ये.

म्हणून क्रम असा ठेवा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आणि कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर, दोन्ही तपासा. की कागदावर लिहून घ्या. फोनमध्ये फोटो चालेल, त्याच लॅपटॉपवरची फाइल चालणार नाही. विंडोज ठेवायचं असेल तर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिस्क डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. मगच बायोस. मिंट आणि उबुंटू दोन्ही सेक्युअर बूट चालू ठेवून चालतात, त्यामुळे ते बंद करायचा सल्ला सरसकट देणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

विंडोज पुसून टाकायच्या आधी लॅपटॉप कंपनीचा शेवटचा बायोस अपडेटही घेऊन टाका. सेक्युअर बूटच्या 2011 च्या प्रमाणपत्रांची मुदत 2026 मध्ये संपते. त्या दिवशी चालू मशीन बंद पडत नाही, पण 2023 च्या नव्या कीने सही केलेले बूटलोडर चालायला फर्मवेअरमध्ये (म्हणजे बायोसमध्ये) नवं प्रमाणपत्र असावं लागतं.

आयएसओ न तपासता पेनड्राइव्ह बनवणं

आयएसओ म्हणजे उतरवून पेनड्राइव्हवर टाकायची लिनक्सची इन्स्टॉल फाइल. 20 फेब्रुवारी 2016 ला लिनक्स मिंटची साइटच फोडली गेली आणि 17.3 सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवली गेली. त्या आयएसओत बाहेरच्याला गुपचूप आत शिरता येईल असं मागचं दार (बॅकडोअर) ठेवलेलं होतं. त्या दिवशी ज्यांनी साइटवरून ती प्रत उतरवली, त्यांना पॅडलॉकचं चिन्ह किंवा साइटचं नाव बघून काहीच कळलं नसतं.

सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-256 (फाइलवरून निघणारा तिचा ओळख-आकडा) काढा आणि साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. साइटच फुटली असेल तर तिथला आकडाही बदललेला असू शकतो, म्हणून आकड्यांच्या फाइलवरची जीपीजी सही (मिंटची डिजिटल सही) तपासणं हीच खरी खात्री. सहीची तपासणी बरेच जण सोडतात, पण निदान आकडा तरी बघाच. अर्धवट उतरलेली फाइलही त्यातच पकडली जाते, आणि ‘इन्स्टॉल 80 टक्क्यांवर अडकलं’ या तक्रारींचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

बाकीच्या, थोडक्यात

फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ‘शट डाउन’ केल्यावरही अर्धं झोपलेलंच असतं आणि लिनक्समध्ये त्याची डिस्क फक्त वाचता येते. जबरदस्तीने माउंट करून (जोडून) फाइलसिस्टिम बिघडवू नका. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ लिहिलेलाच निवडा.

विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटने लहान करा. आधीचं ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नका, विंडोजचं बूट त्यातच असतं.

इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असेल. ते थेट एएचसीआय केलं तर विंडोज निळा पडदा दाखवतं. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटवर खूण करा, मग बायोस बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, आणि खूण काढा.

दोन्हीकडे ये-जा केल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला जाऊ नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, पण मी विंडोजच्या रजिस्ट्रीत यूटीसी लावतो. लिनक्सला तेच मानवतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या मराठी फाइली विंडोज जिवंत असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. लिब्रेऑफिसमध्ये त्या उघडल्या की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच. बदलल्यावर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द मुद्दाम तपासा, त्यांतला अर्धा ‘ऱ’ तिथेच चुकतो. टायपिंगसाठी आयबस आणि त्याचं एम17एन पॅकेज टाका. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल तर त्या मशीनवरचं विंडोज अजून काढू नका.

आणि पहिल्या अपडेटच्या आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) घ्या. त्यात सिस्टिमच्या फाइली येतात, तुमच्या होम फोल्डरमधल्या येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा लागतो. मशीन सुरूच झालं नाही तर स्नॅपशॉट त्याच इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवरून परत बसवता येतो, तेव्हा तो पेनड्राइव्ह लगेच सिनेमे भरायला घेऊ नका.