बार्सिलोनात एक दिवस: विद्यार्थ्यांना घेऊन निघण्याआधी

पासपोर्ट, चार्जर, छत्री, पाण्याची बाटली हे सांगत बसत नाही. आर्किटेक्चर शिकणारी मुलं आहेत, तेवढं त्यांना कळतं. आधी दुर्बीण घ्या. मागच्या खेपेला तीच राहिली आणि जे बघायला इतक्या लांब आलो, त्यातलं निम्मं नुसतंच माना वर करून पाहिलं. आठपट मोठं दाखवणारी, खिशात मावणारी पुरते. दहापटीची घेतलीत तर हात हलला की चित्र हलतं. चौघांत एक असा हिशेब धरा. ‘मोबाइलला झूम आहे की’ असं कुणीतरी म्हणेलच. साग्रादा फामिलिया या चर्चच्या मनोऱ्यांच्या टोकांवर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाच्या काचेचं मोझेक आहे. मोबाइलमध्ये त्याचा रंगीत डाग होतो. तेव्हा दुर्बीण.

तिकिटं ऑनलाइन, वेळ ठरवून आणि बरीच आधी काढा. दारात मिळतील या भरवशावर एवढा मोठा गट नेऊ नका. विद्यार्थी सवलत घेतली असेल तर ओळखपत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवं, सगळ्यांची एकाच्या बॅगेत नकोत. साग्रादा फामिलियाची वेळ सकाळची घ्या. ख्रिस्तजन्माच्या प्रसंगांची बाजू उगवतीकडे आहे, त्यामुळे कोरीवकामावर ऊन तेव्हाच पडतं. आत त्या बाजूच्या खिडक्या निळ्या-हिरव्या, मावळतीच्या तांबड्या-नारिंगी. दुपारनंतर गेलात तर आत तांबडा उजेड सुंदर मिळेल, पण बाहेरची ही बाजू सावलीत गेलेली असेल. मी सकाळच निवडेन. खांदे झाकलेले हवेत, टोपी काढायची. ते चर्च आहे.

निघण्याआधी मुलांकडून थोडं वाचून घ्या, नाहीतर सगळंच वास्तुविशारद गाउदीचं समजतात. चर्चचं काम १८८२ मध्ये दुसऱ्याच वास्तुविशारदाने सुरू केलं, गाउदीकडे १८८३ मध्ये आलं, आणि १९२६ मध्ये तो गेला तेव्हा जन्माच्या बाजूचा एकच मनोरा पुरा झाला होता. मावळतीकडची कोनदार, रुक्ष शिल्पं सुबिराक्स या शिल्पकाराची, पार १९८७ नंतरची. दोन्ही बाजूंसमोर उभं राहून हा फरक मुलांनी स्वतः बोलून दाखवायला हवा. जन्माच्या बाजूला खांबांच्या पायथ्याशी दोन कासवं आहेत, समुद्राकडच्या खांबाखाली पाण्यातलं आणि डोंगराकडच्या खांबाखाली जमिनीवरचं. ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण वर सरूचं हिरवं झाड आहे, त्यावर पांढऱ्या दगडाची कबुतरं बसलीत, ती कशी बघणार? दुर्बीण!

तिथून गाउदीच्या नावाच्या तिरक्या रस्त्याने चालत दहाएक मिनिटांत सांत पाउचं जुनं रुग्णालय येतं. हे चुकवू नका. काम वास्तुविशारद दोमेनेक इ मोंतानेरचं, १९०२ ते १९३०. नगररचनाकार सेर्दाच्या १८५९ च्या शहर-आराखड्यातले रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, दोमेनेकने मात्र इमारती त्यांना पंचेचाळीस अंशात फिरवल्या; जमिनीवर बाग ठेवली आणि एका वॉर्डातून दुसऱ्यात जायला खालून बोगदे काढले. नकाशाची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात द्या. कागदावर तो कोन एका नजरेत दिसतो, फोनच्या पडद्यावर दिसत नाही.

मेट्रोचं दहा फेऱ्यांचं टी-कॅज्युअल तिकीट एकाच माणसाचं असतं, ते वाटून वापरता येत नाही. वाटून वापरायचं असेल तर आठ फेऱ्यांचं टी-फॅमिलियार घ्या. बॅग पुढे, चेन बंद. पाकीटमार खरोखर आहेत आणि ते नेमके वर बघत उभ्या असलेल्यांकडेच येतात. म्हणून एकाने दुर्बिणीतून बघायचं, शेजारच्याने बॅगा सांभाळायच्या.

जेवण दीड-दोनच्या आधी मिळेल असं धरू नका. शाकाहारी मुलं असतील तर सॅलडमध्येसुद्धा टूना मासा असतो, विचारून घ्या. एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी नि ढोबळी मिरच्या, ती चालतात. बाकी भाकरवडीचं पाकीट जवळ असू द्या.

दुपारी पासेच दे ग्रासिया हा रस्ता, तिथली नावाजलेली घरं बघायला. सगळ्या घरांची तिकिटं काढू नका, महाग पडतात. बात्यो आणि शेजारचं आमात्येर ही घरं समोरच्या फुटपाथवरून बघा. आत जायचं ते गाउदीच्या ला पेद्रेरा या इमारतीत, माळ्यावरच्या विटांच्या कमानींसाठी. दोनशे सत्तर आहेत. बाहेरची लाटांसारखी दगडी भिंत भार पेलत नाही, भार आतल्या खांबांवर आहे, हे मुलांना आत नेऊनच पटतं. वर कंगोऱ्यावर मेरीच्या प्रार्थनेची अक्षरं कोरली आहेत. दुर्बीण, पुन्हा सांगतो. पायांखालीही बघा: फुटपाथवरच्या षटकोनी फरशा गाउदीच्याच, त्यावर ऑक्टोपस, तारामासा, शंख; शेजारच्या फरशा जोडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

गाउदीची बाग, पार्क ग्वेल, त्याच दिवशी कोंबू नका. चढ आहे, वेगळं तिकीट आहे, मुलं तोवर थकलेली असतात.

संध्याकाळी सांता मारिया देल मार हे चर्च, बांधकाम १३२९ ते १३८३. छताच्या कमानी जिथे मिळतात तिथले कळीचे दगड दुर्बिणीतून, दारावरचे दगड वाहणारे हमाल डोळ्यांनी. स्केचबुक इथे उघडा, बसायला जागा आहे.

मग जेवण, माणसं मोजणं, परत. मेट्रो रविवार ते गुरुवार मध्यरात्री बंद होते, शुक्रवारी दोनला, शनिवारी रात्रभर चालू.