काचबिंदूचे थेंब डोळ्यात नीट कसे घालावेत

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की नजर सुधारते. काचबिंदूत डोळ्यामागची नस हळूहळू सुकते आणि गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. उरलेली टिकवण्यासाठी डोळ्यातला दाब खाली ठेवायचा, एवढंच थेंबांचं काम. म्हणून ‘महिना झाला, काहीच फरक दिसत नाही’ म्हणत थेंब बंद करू नका. फरक दिसणारच नसतो.

आधी हात साबणाने धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि बाटलीवरचं नाव वाचा. घरात दोन-तीन औषधं असली की अदलाबदल हमखास होते. आडवे व्हा किंवा मान मागे टाका. खालची पापणी बोटाने ओढली की छोटा खिसा तयार होतो. वर बघत त्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना लागू देऊ नका, नाहीतर जंतू बाटलीत जातात. ‘एक राहिला असेल’ म्हणून दुसरा टाकण्यात अर्थ नाही, कारण डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही. थेंब गालावर पडला असेल तरच पुन्हा घाला.

यापुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात. डोळा अलगद मिटा, घट्ट आवळू नका, उघडझाप करू नका, आणि नाकालगतच्या कोपऱ्यावर बोट दोन मिनिटं दाबून धरा. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. ती उघडी राहिली तर औषध नाकातून रक्तात जातं. टिमोलॉलच्या बाबतीत हे महागात पडतं: दम लागतो, नाडी मंदावते. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. घशाशी कडू चव आली तर औषध नाकातून खाली उतरलंय असं समजा.

दुसरं औषध पाच मिनिटांनी. लगेच घातलं तर पहिलं धुऊन जातं. ब्रिन्झोलामाइडची बाटली आधी हलवून घ्या. हात थरथरत असेल तर तो कपाळावर टेकवा. तेही जमत नसेल तर झोपून, डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडा.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा; बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली साधारणपणे फ्रिजमध्ये ठेवतात, पण लेबल वाचा. मे महिन्यात बंद गाडीत कुठलीच बाटली नको. लॅटॅनोप्रोस्टने पापण्यांचे केस वाढतात, डोळा थोडा लाल होतो. त्याला घाबरून ते सोडू नका. ब्रिमोनिडीनने मात्र खाज आणि सूज आली तर डॉक्टरांना दाखवा.

तपासणीच्या दिवशीही नेहमीचे थेंब घाला. आठवडाभर आधी शिस्तीने घालून एरवी विसरणारेही बरेच असतात. मग दाबाचा आकडा छान येतो, नस खराब होत राहते आणि डॉक्टर चुकीचा निष्कर्ष काढतात. चुकलेले डोस सरळ सांगा.

दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा, म्हणजे सामान्य, असला तरी काचबिंदू असू शकतो. म्हणून नस, नजरेचा परीघ आणि डोळ्याचा कोन (जिथून आतलं पाणी निचरतं) हेही तपासावे लागतात. तुम्हाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही एकदा तपासून घ्यावं. डोळा लाल झाला की मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब दाब वाढवू शकतात. अचानक डोळा आणि डोकं भयंकर दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, उलट्या होणं याला पित्त समजून सकाळपर्यंत थांबू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

आणि थेंब रोज जमतच नसतील तर तसं कबूल करा. अनेकांना एसएलटी, म्हणजे डोळ्यातला दाब कमी करणारा लेसर चालतो. तो बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतो, असर काही वर्षांनी ओसरला तर पुन्हा करता येतो, आणि त्यानंतरही तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.