जवानांसमोर टीव्हीचा कार्यक्रम: किनाऱ्यावर या चुका टाळा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही नौदल किंवा तटरक्षक दलाच्या जवानांसाठी रंगारंग कार्यक्रम चित्रित करा, घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो: प्रेक्षकांचा आवाज. मैदान हसून लोटपोट झालेलं असतं आणि घरी ऐकू येतं ते निवेदकाच्या कॉलर माईकमध्ये शिरलेलं पुसट हसू. मग संकलनात साठवणीतलं हसू चिकटवलं जातं. ते मुळीच करू नका. शेकडो तरुण पुरुषांचं एकदम उसळणारं हसू वेगळंच असतं, चेहऱ्यांशी उसनं हसू जुळत नाही.

स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत, स्पीकरच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून एकेक शॉटगन माईक (मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा लांबट माईक) लावा. मैदान खोल असेल तर मध्यावर आणखी एक जोडी. प्रत्येक माईकला स्वतंत्र ट्रॅक हवा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून स्टेजपासून 34 मीटरवरच्या माईकमध्ये निवेदकाचं बोलणं सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतं आणि मिश्रणात घुमतं. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबात तो ट्रॅक अडीच फ्रेम आधी आणा. खाऱ्या वाऱ्यापुढे नुसत्या फोमचा निभाव लागत नाही, केसाळ कव्हरच घाला.

दुसरी चूक विनोदांच्या निवडीत. जवानांचा तळ कोकणात असला तरी समोर केरळ, पंजाब, बिहारची पोरं बसलेली असतात. मालवणी शाब्दिक कोट्या तिथे वाया जातात, निवेदन हिंदीतच ठेवा. दशावतारातलं युद्धनृत्य किंवा जाखडी मात्र भाषेवाचून पोचते. जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि नाचणारे भोवती फिरतात, त्यामुळे समोरचा कॅमेरा मृदंगवाल्याला हरवून बसतो. एक कॅमेरा उंचावर हवाच. स्टेजवर गालिचा अंथरलात तर पायातल्या चाळांचा आवाज मेला म्हणून समजा. प्लायवूड उघडं ठेवा आणि स्टेजच्या पुढच्या कडेला एक सपाट बाउंड्री माईक (फळीवर टेकवून ठेवायचा चपटा माईक) ठेवा.

पांढरे गणवेश पुढच्या रांगेत असले की एक्स्पोजर चेहऱ्यांवर धरा, पण झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) लावून चित्रात कापड नुसतं पांढरंफटक होत नाही ना हे पाहत राहा. प्रेक्षकांवर बाजूने मंद उजेड टाका. डोळ्यांवर झोत आला की माणूस अवघडून बसतो.

एसी खोलीतून काढलेल्या लेन्सवर दमट हवेत लगेच वाफ धरते. कॅमेरे बंद बॅगेतच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. कोरड्या वाळूत किंवा जांभ्यात जनरेटरचं अर्थिंग नीट लागत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घाला.

माणसांची यादी, गाड्यांचे क्रमांक, उपकरणांचे सिरियल नंबर आणि वायरलेस माईकच्या फ्रिक्वेन्सी तळाकडे आधीच द्या. ड्रोन लेखी परवानगीशिवाय आणूच नका. रडार, अँटेना, जहाजं मागे येणार नाहीत अशी चौकट दिवसाउजेडी ठरवा; नाहीतर तपासणीत उत्तम प्रतिक्रियांचे शॉट नेमके तेवढ्यासाठी कापले जातात.