मिररलेस कॅमेऱ्यासाठी फ्लॅश घेताय? शूमध्ये बसला म्हणजे चालला असं नाही

लग्नाच्या कामात नवीन आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'दादा, फ्लॅश कोणता घेऊ?' तो तुमच्या कॅमेऱ्याशी बोलतो का, हे आधी बघा. कोणता ते नंतर. शू म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच. टीटीएल म्हणजे फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्यानं स्वतः मोजून ठरवणं, आणि सिंक स्पीड म्हणजे साधा फ्लॅश पूर्ण फ्रेम उजळवू शकतो तो शटरचा सगळ्यात जास्त वेग. एवढं ध्यानात ठेवा.

मी सोनी ए६४०० वर कामं सुरू केली. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात वापरलेला फ्लॅश मिळाला. 'सगळ्यावर चालते भाऊ,' म्हणाला दुकानदार. काउंटरवर लावला, शटर दाबलं, लख्ख उजेड पडला. रात्रीची रिसेप्शनं त्यावर निभावलीसुद्धा. मग वर्धा रोडच्या एका लॉनवर भर दुपारची हळद आली. नवरी उन्हाकडे पाठ करून बसलेली, चेहरा काळवंडलेला. शटर १/१००० वर नेलं, तर तिच्या कपाळावर उजेडाची एक पट्टी आणि खाली हळदीनं माखलेले हात तसेच अंधारात. एकामागून एक फोटो असेच. त्या दुपारची धडधड मला अजून आठवते.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण दुकानाच्या काउंटरवर ते कधीच दिसत नाही. शूच्या मधोमध असलेला संपर्क फ्लॅशला एवढंच सांगतो, 'आता पेट.' कॅननचा फ्लॅश सोनीवर सरकवला तरी तो संपर्क जुळतो आणि फ्लॅश पेटतो. पण किती पेटायचं, म्हणजे टीटीएल, आणि शटर सिंकच्या वर गेल्यावर कसं पेटायचं, म्हणजे एचएसएस, हे निरोप बाकीच्या पिना नेतात. त्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. ए६४०० चा सिंक १/१६०. त्याच्या वर सेन्सर एका वेळी पूर्ण उघडा नसतोच, शटरच्या दोन पडद्यांमधली फट त्याच्यावरून सरकत जाते. एकदाच पेटून विझलेला फ्लॅश त्या फटीपुरताच उमटतो. एचएसएसमध्ये तो फट पार जाईपर्यंत भराभर पेटत राहतो, म्हणून पूर्ण फ्रेम उजळते. ताकद मात्र बरीच घटते. ओळखीचा फ्लॅश असेल तर कॅमेरा शटर सिंकवर अडवतो. अनोळखी असेल तर अडवत नाही, आणि फजिती तिथंच होते.

म्हणून खोक्यावरचं अक्षर वाचा. गोडॉक्स कंपनीच्या फ्लॅशमध्ये सी म्हणजे कॅनन, एन निकॉन, एस सोनी, एफ फुजी, ओ ऑलिंपस-पॅनासॉनिक. त्यांचा टीटी६०० स्वस्त पडतो, पण त्यात टीटीएल नाहीच, आणि एचएसएस फक्त ट्रिगरवरून (कॅमेऱ्यावर बसवून दूरच्या फ्लॅशला बिनतारी इशारा देणारं यंत्र), फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवला तरच.

कंपनी एकच आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. कॅननचा ईएल-५ फ्लॅश फक्त २०२१ च्या आर३ कॅमेऱ्यापासून आलेल्या नव्या मल्टी-फंक्शन शूवर चालतो, आरपी किंवा पहिल्या आर६ वर नाही. सोनी झेडव्ही-ई१० च्या दुसऱ्या आवृत्तीला शू आहे, पण मेकॅनिकल शटर नाही, त्यामुळे फ्लॅश चालतच नाही. व्लॉगिंगचा कॅमेरा घेऊन लग्नं करू म्हणणाऱ्यांनी हे पैसे मोजायच्या आधी बघावं.

चुकीच्या अक्षराचा फ्लॅश आधीच घेतला असेल तर घाबरू नका, विकायचीही घाई करू नका. गोडॉक्सचा सी अक्षराचा टीटी६८५ असला, तरी सोनीवर गोडॉक्सचाच एस अक्षराचा एक्सप्रो ट्रिगर लावून तो स्टँडवर ठेवा. टीटीएल, एचएसएस दोन्ही मिळतात. फ्लॅश अजिबात पेटत नसेल तर आधी सायलेंट शटर बंद आहे का बघा. मॅन्युअल मोडमध्ये व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसत असेल तर सोनीच्या मेनूतला सेटिंग इफेक्ट बंद करा. बिघाड नाही तो.

'टीटीएल कशाला, मॅन्युअल शिक' म्हणणारे सिनियर भेटतील. शिका, जरूर शिका. पण वरातीत नवरदेव क्षणात दोन हातांवर, क्षणात दहा हातांवर असतो, तिथं मला टीटीएलच हवा. आणि जो सिनियर वर्षभर नुसत्या बॅगा उचलायला लावतो, फ्लॅशला हात लावू देत नाही, त्याच्याकडे थांबू नका.

दुकानात स्वतःचाच कॅमेरा न्या. एचएसएस चालू करून १/१००० वर भिंतीचा फोटो काढा, भिंत कडेपर्यंत उजळलीय का बघा. मग टीटीएलमध्ये, १/१२५ वर, एक फोटो एफ/४ ला आणि एक एफ/८ ला. दोन्हींचा उजेड जवळपास सारखा यायला हवा. दुकानदार कंटाळला तरी फोटो स्क्रीनवर मोठे करून बघा, आणि पैसे त्यानंतरच काढा.